२.११बीएसडीचं नेटवर्क परत परत का मरतं आणि कर्नलला हात लावायच्या आधी काय बघायचं

आधीच सांगतो, २.११बीएसडी (पीडीपी-११ या डेक कंपनीच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं यूनिक्स) नेटवर्कवर येत नसेल तर कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, परत बिल्ड करायला बसू नका. निदान आज तरी नको. मी मागच्या पावसाळ्यात तीन रविवार त्यात घातले, ओव्हरलेमधल्या (कर्नलच्या आलटून-पालटून मेमरीत येणाऱ्या तुकड्यांमधल्या) फाइली इकडून तिकडे ढकलल्या, दर वेळी मेक चालू करून चहा टाकायला गेलो, आणि शेवटी चूक निघाली ती पीडीपी-११ च्या बाहेर, लिनक्सच्या बाजूला, एका ओळीची. वर कहर म्हणजे हेच माझं आधी एकदा होऊन गेलं होतं आणि मी विसरलो होतो. म्हणून लिहून ठेवतोय, माझ्यासाठी पण आणि ज्यांचं सिम्ह या सिम्युलेटरवरचं २.११ एकदा मस्त नेटवर्कवर आलं होतं आणि आता "काहीच न करता" बंद पडलंय त्यांच्यासाठी पण. काहीच न करता असं कधी नसतं हो, आपण काहीतरी केलेलं असतं, ते आठवत नाही एवढंच.

माझा सेटअप साधा आहे. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, त्यावर सिम्ह, म्हणजे तेव्हा डेक कंपनीतच मोठ्या हुद्द्यावर असलेल्या बॉब सुपनिक यांनी सुरू केलेला सिम्युलेटर. त्यात पीडीपी-११/७३, मेमरी ४ एमबी, नेटवर्क कार्ड एक्सक्यू. खाली मी "बाहेर" म्हणेन तेव्हा लिनक्स आणि सिम्ह समजा, "आत" म्हणेन तेव्हा २.११. कमांड बोलतो तशा लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं, नाहीतर आत सगळं नॉट फाउंड.

लक्षण असं. बूट एकदम नीट होतं. कन्सोलवर अटॅचिंग क्यूई० अशी ओळ येते, पुढे १७४४४०, खाली डेल्का कार्ड आणि त्याचा मॅक अॅड्रेस (कार्डाचा स्वतःचा नंबर), मग लूपबॅक (मशीनने स्वतःशीच बोलायचं नेटवर्क) एलओ०. लॉगिन करून आयएफकॉन्फिग क्यूई० मारलं की अप दाखवतं, रनिंग दाखवतं, आयपी बरोबर, मास्क बरोबर. आणि गेटवेला पिंग मारला की शांतता. कंट्रोल-सी दाबलं की शंभर टक्के लॉस. मग माणूस काय करतो, डॉक्युमेंट उघडतो, आणि डॉक्युमेंट उघडलं की कर्नलच्या नादाला लागतो, कारण तिथे खरंच भीती वाटेल असं लिहिलेलं असतं.

ते काय हे थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पीडीपी-११ ही १६ बिटची मशीन, १९७० सालची डिझाइन. एका वेळी दिसणारी जागा ६४ केबी, कोड आणि डेटा वेगळे ठेवता येणाऱ्या मॉडेलमध्ये ६४ अधिक ६४. मेमरी भले ४ एमबी लावा, एका नजरेत तेवढंच दिसणार. २.११बीएसडी आलं १९९१ साली, तोपर्यंत डेकच्याच मोठ्या व्हॅक्स मशीनवरचं टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेटचं नेटवर्क, आत आणायचं होतं आणि कर्नलमध्ये जागाच नव्हती. मग त्यांनी काय केलं तर पीडीपी-११ ला कर्नल आणि यूजर यांच्या मध्ये एक सुपरवायझर नावाचा तिसरा मोड असतो, तो कोणी फारसा वापरत नव्हता, अख्खं नेटवर्क उचलून तिथे नेऊन बसवलं. म्हणजे आपल्याकडे जिन्याखालच्या जागेत देवघर करतात ना, तसं. त्यामुळे नेटवर्कवाल्या कर्नलच्या फाइली दोन, एक यूनिक्स आणि दुसरी नेटनिक्स, दोन्ही रूटमध्ये, दोन्ही एकाच बिल्डमधल्या. आणि म्हणूनच ज्या मॉडेलला सुपरवायझर मोड नाही तिथे हे नेटवर्क चालतच नाही, ११/३४ निवडून डोकं फोडू नका. ११/४४, ११/७०, ११/७३ वगैरे घ्या.

आता हे सगळं वाचून वाटतं की एवढा नाजूक कारभार, नक्की इथेच काहीतरी हललं असणार. पण विचार करा, डिस्कवरची फाइल आपोआप सडत नाही. अटॅचिंग क्यूई० ही ओळ दिसली याचा अर्थ नेटनिक्स चढलं, ड्रायव्हर आहे, कार्ड सापडलं. गेल्या महिन्यात हाच कर्नल चालत होता ना? मग तो आजही चालतोय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

म्हणून पहिलं काम, दोष आत की बाहेर ते ठरवा. त्याला दोन मिनिटं लागतात. आत नेटस्टॅट माइनस आय मारा, क्यूई० च्या ओळीत आलेली पाकिटं आणि गेलेली पाकिटं हे दोन आकडे कागदावर लिहा. मग दहा-पंधरा सेकंद पिंग चालू ठेवा, थांबवा, परत नेटस्टॅट माइनस आय. गेलेल्यांचा आकडा वाढला आणि आलेल्यांचा जागेवरच असेल, तर २.११ बिचारं ओरडतंय आणि बाहेर कोणी ऐकत नाही. दोष बाहेर. गेलेल्यांचा आकडाच हलला नाही तर आत रूट किंवा आयएफकॉन्फिग चुकलंय, पाकीट कार्डापर्यंत पोचतच नाही. आणि दोन्ही वाढतायत तरी पिंग लागत नसेल तर बहुतेक आयपी, मास्क किंवा पलीकडच्या फायरवॉलची भानगड. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा पहिला प्रकार निघतो.

बाहेरच्या बाजूचा साक्षीदार म्हणजे टीसीपीडंप, येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा लिनक्सचा प्रोग्राम. सिम्ह ज्या इंटरफेसला जोडलंय त्यावर (माझं तेव्हा लॅन कार्ड) टीसीपीडंप माइनस एन माइनस ई लावून बसा आणि आतून पिंग मारा. मला त्या तिसऱ्या रविवारी रात्री तिथे काय दिसायला हवं होतं तर एआरपीची विचारणा (हा आयपी कोणत्या मॅकचा, असं विचारणारं पाकीट), की बाबा गेटवे कोण आहे, पीडीपीला सांगा, अशी. दिसलं काय तर काहीच नाही. पीडीपीचं एक अक्षर नाही. आत गेलेल्यांचा आकडा वाढतोय आणि बाहेर त्याचं एक पाकीट दिसत नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. कंट्रोल-ई दाबून सिम्हच्या प्रॉम्प्टवर आलो, शो एक्सक्यू मारलं, आणि ओळीच्या शेवटी ऐटीत लिहिलेलं होतं, नॉट अटॅच्ड. म्हणजे कार्ड मशीनमध्ये खोचलेलं आहे, फक्त वायर लावलेली नाही. आणि आतल्या यूनिक्सला वायर लागली की नाही याचा काही पत्ता नसतो, त्याला कार्ड सापडलं म्हणजे झालं.

जाता जाता, त्याच शो एक्सक्यूमध्ये पत्ता १७७७४४४० असा दिसतो आणि आत बूट होताना १७४४४०. घाबरू नका, एकच आहे. दोन्ही ऑक्टलमध्ये, एक २२ बिटचा पूर्ण पत्ता आणि दुसरा १६ बिटच्या खिडकीतून दिसणारा. मी पहिल्यांदा हा फरक "दुरुस्त" करायला गेलो होतो.

तर वायर का निघाली होती? आधीच्या आठवड्यात मी सिम्हचा नवा सोर्स ओढून परत मेक केलं होतं. तेव्हा मी टॅप (लिनक्समधलं सॉफ्टवेअरचं लॅन कार्ड) वापरत नव्हतो, सरळ लॅपटॉपच्या लॅन कार्डावर पीकॅपने (कार्डावरची पाकिटं थेट पकडणारी लायब्ररी) जोडत होतो, टॅपवर नंतर आलो. पीकॅपला कच्च्या पाकिटांची परवानगी लागते, ती मी रूट न होता चालावं म्हणून सेटकॅपने त्या प्रोग्रामच्या फाइलला दिली होती. ही परवानगी फाइलला चिकटलेली असते. नवीन मेक म्हणजे नवीन फाइल, परवानगी गायब. सिम्हने इमानदारीत सांगितलं होतं की परवानगी नाही म्हणून, पण आयएनआय फाइल (सिम्हला सुरुवातीला द्यायच्या कमांडची यादी) तिथे थांबत नाही, पुढची बूटची ओळ लगेच चालते, आणि ती तक्रार बूटच्या मेसेजबरोबर वर सरकून निघून जाते. तीन रविवार! तेव्हापासून माझ्या आयएनआयमध्ये बूटच्या आधीची ओळ शो एक्सक्यू ही असते आणि ती वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही. आणि नॉट अटॅच्ड दिसलं तर चालू मशीनला प्रॉम्प्टवरून अटॅच करायची घाई करू नका, सिंक, हॉल्ट, परवानगी नीट करा, मग नव्याने बूट. चालू असताना खोचलं तर कार्ड रिसेट होतं आणि आतल्याला ते कळत नाही, मग अजून एक घोळ.

आता बाहेरचे बाकीचे नग. यात सगळ्यात छुपा म्हणजे इथ० या नावाचा. सिम्हमध्ये शो इथरनेट मारलं की यादी येते, इथ०, इथ१, इथ२, आणि समोर खरं नाव. ही इथ० सिम्हची स्वतःची मोजणी आहे, लिनक्सचं नाव नव्हे. लिनक्सवर तुम्ही डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, व्हीपीएन टाकलं, यूएसबीचं लॅन कार्ड खोचलं, की यादीचा क्रम बदलू शकतो आणि अटॅच एक्सक्यू इथ० ही ओळ गुपचूप भलत्याच इंटरफेसला जाऊन चिकटते. एरर नाही, काही नाही, शो एक्सक्यू पण अटॅच्ड दाखवतं. आयएनआयमध्ये खरं नाव लिहा, ईएनपी३एस० वगैरे जे काय असेल ते.

डॉकरचा विषय निघालाच आहे तर, ते अजून एक करतं, आयपीटेबल्समधल्या (लिनक्सच्या फायरवॉलमधल्या) फॉरवर्ड साखळीची पॉलिसी ड्रॉप करून ठेवतं, म्हणजे पुढे पाठवायची पाकिटं टाकून दिली जातात. लक्षण एकदम ठरलेलं, आतून लिनक्सला पिंग लागतो, लिनक्सच्या पुढे काही जात नाही. तुम्ही टॅपवरून रूटिंग करत असाल तर टॅपसाठी आत-बाहेर दोन्हीकडे परवानगीचे नियम वेगळे घालावे लागतात. "मी तर नेटवर्कला हातच लावला नाही, फक्त ऑफिसच्या कामासाठी डॉकर टाकलं" हे वाक्य मी स्वतः उच्चारलेलं आहे.

लॅनवर पीकॅपने सरळ जोडलं असेल तर अजून एक गोष्ट लोकांना दर वेळी नव्याने फसवते. ज्या लिनक्सवर सिम्ह चालतंय त्याच लिनक्सवरून आत पिंग लागत नाही. ते बिघडलेलं नाही, ते तसंच आहे, लिनक्सने पाठवलेलं पाकीट वायरवर बाहेर जातं, वळून परत त्याच कार्डातून आत येत नाही. घरातल्या दुसऱ्या मशीनवरून तपासा, लागेल. आणि वायफायवर तर हे करूच नका. वायफायचा अॅक्सेस पॉइंट फक्त जो मॅक अॅड्रेस त्याच्याकडे रीतसर जोडला गेलाय त्याचीच पाकिटं घेतो, तुमच्या पीडीपीचा ०८-००-२बी ने सुरू होणारा डेकचा मॅक त्याच्या लेखी घुसखोर. रास्पबेरी पायवर पीडीपी-११/७० चं ते लुकलुकणारं पॅनल लावून बसलेल्यांचं इथेच अडतं, कारण पाय बहुतेकांचा वायफायवर असतो. ब्रिज कितीही नीट बांधा, उपयोग नाही.

वायफायवर दोनच रस्ते. सोपा म्हणजे अटॅच एक्सक्यू नॅट, पुढे कोलन. सिम्हच्या पोटातच एक छोटा राउटर असतो, गेटवे १०.०.२.२, डीएनएस १०.०.२.३, आतल्याला १०.०.२.१५ द्या. रूट नको, टॅप नको, काही नको. पण यात दोन खाचा. एक, बाहेरच्या जगाला पिंग मारला तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही, म्हणून लोक समजतात की चालत नाही. १०.०.२.२ ला पिंग मारा, ते बोलतं, आणि पुढचं टेलनेट किंवा एफटीपीने तपासा. दोन, बाहेरून आत यायचं असेल तर दार सांगावं लागतं, म्हणजे नॅट कोलनच्या पुढे टीसीपी बरोबर २३२३ कोलन १०.०.२.१५ कोलन २३, मग लिनक्सवरून लोकलहोस्टच्या २३२३ ला टेलनेट. दुसरा रस्ता टॅप आणि मास्करेड, म्हणजे पीडीपीची पाकिटं लिनक्सच्या नावाने बाहेर पाठवणं. मी आता हाच वापरतो. टॅप बनवताना यूजर म्हणून स्वतःचं नाव दिलं की सिम्हला रूट लागत नाही आणि सेटकॅपची कटकटही गेली.

फक्त टॅपची एक खोड आहे आणि "दर रीबूटनंतर बंद पडतं" या तक्रारीचं मूळ बहुतेक तेच असतं. हाताने आयपी टनटॅप अॅड करून बनवलेला टॅप, त्याचा आयपी, फॉरवर्डिंगचा स्विच, मास्करेडचा नियम, या चारही गोष्टी लॅपटॉप बंद केला की पुसल्या जातात. चारपैकी तीन स्क्रिप्टमध्ये टाकायच्या आणि चौथी विसरायची ही आपली परंपरा. आणि टॅपसमोर नो-कॅरियर दिसलं तर लगेच घाबरू नका, सिम्ह त्याला जोडलं जाईपर्यंत ते तसंच दिसतं. सिम्ह चालू असून नो-कॅरियर असेल तर मात्र वायर लागलेली नाही.

अजून एक बाहेरचाच, पण याने मला सगळ्यात जास्त छळलं कारण हा दिवसा चालायचा आणि संध्याकाळी बंद पडायचा. २.११ मध्ये डीएचसीपी नाही. असणार कसं, डीएचसीपीचं पहिलं आरएफसीच १९९३ चं. म्हणून आयपी हाताने द्यायचा. तेव्हा मी पीकॅपवर होतो आणि घरच्या राउटरच्या रेंजमधला १९२.१६८.१.२० दिला होता, मोकळा दिसला म्हणून. संध्याकाळी सगळे घरी आले की राउटर तोच आयपी कुठल्यातरी फोनला वाटून टाकायचा. कन्सोलवर ड्युप्लिकेट आयपी अॅड्रेस म्हणून समोरच्याच्या मॅकसकट बोंब मारलेली होती, पण कन्सोल मी टीमक्सच्या मागच्या खिडकीत ठेवून टेलनेटनेच आत बसायचो. बहिणीचा फोन होता. ती म्हणाली, "दादा, तुझ्या त्या डब्यामुळे माझं रील अडकतं होय?" राउटरचा पूल .१५० ला संपवला, पीडीपीला .२०० दिला, दोघांचं भांडण मिटलं. तसंच मॅकचं पण, आयएनआय फाइल कॉपी करून दुसरं मशीन उभं केलं तर मॅकची ओळ बदला, नाहीतर दोघंही अर्धवट चालतात आणि ते अर्धवट चालणं पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट.

आता समजा गेलेल्यांचा आकडाच हलत नाही, म्हणजे दोष आत. इथे बघायची जागा इटीसीमधली नेटस्टार्ट ही फाइल. त्यात होस्टनेम, नेटमास्क, ब्रॉडकास्ट, डीफॉल्ट असे व्हेरिएबल असतात आणि खाली आयएफकॉन्फिग, रूट. आयएफकॉन्फिगला आयपी नाही, होस्टनेम दिलेलं असतं, आणि ते नाव इटीसी होस्ट्समधून शोधलं जातं. म्हणजे आयपी बदलायचा तर होस्ट्समध्ये बदलायचा, नेटस्टार्टमध्ये नाही, आणि दोन्हीकडे नाव अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. होस्ट्सच्या शेजारी .डीआयआर आणि .पीएजी अशा दोन फाइली दिसल्या तर नुसती होस्ट्स बदलून भागत नाही, एमकेहोस्ट्स चालवून त्या ताज्या कराव्या लागतात, नाहीतर जुनाच आयपी भुतासारखा मागे लागतो.

डीफॉल्ट रूटच्या ओळीत शेवटी एक असतो, १. रूट अॅड डीफॉल्ट, गेटवे, १. तो मोजायचा आकडा म्हणून गाळू नका आणि ० पण करू नका. त्या काळच्या बीएसडीत ० म्हणजे "हे आपल्याच वायरवर आहे" आणि ० पेक्षा मोठं म्हणजे "हा गेटवे आहे, त्याच्यामार्फत जा". शून्य केलं की २.११ अख्खं इंटरनेट आपल्याच वायरवर शोधायला लागतं. नेटस्टॅट माइनस आरमध्ये डीफॉल्टच्या ओळीवर जी हा फ्लॅग दिसला पाहिजे, नसेल तर हेच.

नेटमास्क स्पष्ट लिहा. न लिहिल्यास ते जुन्या क्लासच्या हिशोबाने धरतं आणि १० ने सुरू होणारं म्हणजे क्लास ए, मास्क २५५.०.०.०. मग ऑफिसमध्ये नेटवर्क १०.५ वालं असेल आणि तुमचा टॅप १०.११.७३ वर, तर आतल्याला वाटतं की १०.५ पण शेजारीच आहे, गेटवेकडे जातच नाही, एआरपी मारत बसतं. इंटरनेट चालतं आणि ऑफिसचा सर्व्हर तेवढा दिसत नाही, असं विचित्र लक्षण असेल तर इथे बघा. आयएफकॉन्फिगच्या शेवटी माइनस ट्रेलर्स असतं ते राहू द्या, पाकिटाचे हेडर शेपटीला लावायची व्हॅक्सच्या जमान्यातली युक्ती आहे, आजचं कोणतंही मशीन ते समजत नाही.

नावं सापडत नाहीत पण आयपीने सगळं लागतं, ही तक्रार वेगळी. आत नाव होस्ट्समधून शोधायचं की डीएनएसकडून हे लायब्ररी बिल्ड करतानाच ठरतं, आणि शेअर्ड लायब्ररी हा प्रकारच नसल्यामुळे लायब्ररी बदलली तरी टेलनेट, एफटीपी सगळे परत लिंक करावे लागतात. मी एवढी उठाठेव केली नाही, लागणारी पाच-सहा नावं होस्ट्समध्ये टाकली आणि गप्प बसलो.

पिंग लागतो, टेलनेट जोडलं जातं आणि लगेच "सगळे नेटवर्क पोर्ट वापरात आहेत" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य देऊन तोडतं? तर स्यूडो-टर्मिनल नाहीत. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये एनपीटीवाय शून्य असेल, किंवा डेव्हमध्ये मेकडेव्हने त्या फाइली बनवल्या नसतील. आणि रूट म्हणून टेलनेट नाकारत असेल तर ते मुद्दाम आहे, टीटीवायज फाइलमध्ये त्या ओळींवर सिक्युअर नसतं. तसंच राहू द्या, साध्या यूजरने येऊन एसयू मारा. हे मशीन उघड्या इंटरनेटवर तर चुकूनही ठेवू नका, पासवर्ड उघडाच जातो वायरवरून.

राहिला कर्नल. खरंच कर्नलचा दोष असतो तेव्हा अटॅचिंगची ओळच येत नाही. त्यातही आधी बघा की सीपीयू कुठला निवडलाय. ११/७३ म्हणजे क्यू-बस, तिथे एक्सक्यू, आत क्यूई०. ११/७० म्हणजे यूनिबस, तिथे एक्सयू, म्हणजे ड्यूना कार्ड, पत्ता १७४५१०, आत डीई०. हौसेने पॅनलसाठी ११/७० केलं आणि कर्नल क्यूईवाला राहिला तर काही सापडणार नाही. आणि सेट सीपीयू ही ओळ आयएनआयमध्ये सगळ्यात वर हवी, बस बदलली की कार्डांच्या सेटिंगची वाट लागते. टेपवरून ताजं इन्स्टॉल केलेलं असेल तर जेनेरिक कर्नलमध्ये नेटवर्क नसतंच, तेव्हा मात्र बिल्ड करणं आलं. जेनेरिकची कॉपी करा, आयनेट चालू, एनइथर १, एनक्यूई १, एनएलओ १, एनपीटीवाय १६, बाकी जे कार्ड नाही ते शून्य. हे "शून्य" न चुकता करा, कारण कर्नलचा कायम दिसणारा भाग ५७३४४ बाइटच्या आत आणि प्रत्येक ओव्हरले ८१९२ च्या आत बसवायचा असतो, एखादा ओव्हरले शंभर बाइटने जास्त झाला की मेकफाइलमध्ये त्यातली एक फाइल उचलून जिथे जागा आहे त्या ओव्हरलेत ढकलायची आणि परत. साइज कमांड हाताशी ठेवा. रेल्वेच्या जनरल डब्यात बॅगा लावण्यासारखं आहे, मजा पण येते.

बिल्ड झालं की यूनिक्स आणि नेटनिक्स दोन्ही एकदम हलवा, जुन्या दोघांना पण जोडीने वेगळ्या नावाने ठेवा. एकदा मी दोन्ही हलवली आणि सिंक मारायच्या आत लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली. परत आल्यावर एफएससीके (डिस्कची तपासणी) झालं, यूनिक्स नवीन आणि नेटनिक्स जुनं असं निघालं, आणि मशीन बूटमध्येच कोसळायला लागलं. बूट प्रॉम्प्टवर जुन्या यूनिक्सचं नाव देऊन पण भागत नाही, ते नेटनिक्स मात्र रूटमध्ये त्या नावाने जे असेल तेच उचलतं. दुसऱ्या डिस्कवरून बूट करून जोडी जुळवली तेव्हा सुटलो. आता डिस्कच्या इमेजची कॉपी काढल्याशिवाय मी रूटमध्ये एमव्ही (फाइल हलवायची कमांड) टाइप करत नाही.

आणि कॉन्फिगमध्ये असतानाच एक हौस करू नका. लाइनएचझेड (आतलं घड्याळ विजेच्या किती हर्ट्झवर चालतं तो आकडा) ६० दिसतं, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणून मी ते ५० केलं. सिम्हचं क्लॉक ६० वरच होतं. आतलं घड्याळ दर तासाला बारा मिनिटं पुढे धावायला लागलं, आणि टीसीपीचे टायमर पण त्याच घड्याळावर चालत असल्यामुळे ते पण घाईत. एकतर दोन्हीकडे ५० करा, म्हणजे सिम्हमध्ये सेट सीएलके ५०एचझेड, नाहीतर अमेरिकेची वीज अमेरिकेच्या मशीनला राहू द्या. मी परत ६० केलंय.